उघड्या डोळ्यांनी केलेली प्रार्थना

दादा, तुझ्या स्मरणाच्या उपासनेत सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा मी माझे उघडे ठेवले. लहानपणी याच गोष्टीसाठी तू मला टपली मारायचास. "सुशे, डोळे मीट. देव कुठं पळून जात नाही." या वेळी टपली मारायला तू नव्हतास. आणि मला देवाकडे बघायचंही नव्हतं. मला थोरात साहेबांकडे बघायचं होतं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. अजून लोक भेटायला येतात, दोन मिनिटं गप्प बसतात आणि मग म्हणतात, "प्रभूनं सोडवलं हो त्यांना." परवा असं म्हणणाऱ्या एकीला मी विचारलं, कशातून सोडवलं? चार दिवसांच्या तापातून, की तुमच्यातून? ती अर्धा चहा तसाच ठेवून उठली. तू असतास तर म्हणाला असतास, "सुशे, चहा तरी पिऊ द्यायचा होता तिला."

पाळकसाहेबांना मंडळीच्या पत्रिकेसाठी तुझ्यावर चार ओळी हव्या आहेत. जन्म कुठला, मुलुंडला कधी आला, फिटरचं काम किती वर्षं केलं, प्रभूत विश्वासू होता. त्या ओळी कुणीही लिहील. मी तुलाच लिहिते आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि नेहमीसारखा तू आधी उठून गेलास.

भांडण मनुकांवरून सुरू झालं होतं, आठवतं? वहिनी गेल्यावर तिचं ते काम आपल्याकडे आलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, त्यासाठी द्राक्षारस हवा, आणि दारूबंदीच्या राज्यात तो आणणार कुठून? म्हणून शुक्रवारी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी संध्याकाळी स्टोव्हवर उकळायच्या, हातानं कुस्करायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. वहिनीच्या जुन्या पातळाचा तुकडा होता तो, दुसरं फडकं तू लावू दिलं नाहीस. मी म्हणायची साखर घाल, तू म्हणायचास मनुकांची गोडी पुरे. मग मी तुझी पाठ वळली की चमचाभर घालायची आणि तू चव घेऊन म्हणायचास, "बघ, साखर न घालता किती गोड झालाय." आजवर मला कळलं नाही की तू खरंच फसत होतास की मला फसवत होतास.

एका मे महिन्यात रस आंबला. पाळकसाहेबांनी बाटलीला हात लावला आणि बूच उडून वेदीच्या कापडावर पडलं. अख्ख्या मंडळीत तू एकटा पहिल्या बाकावर खुदकन हसलास. थोरात साहेब हसले नाहीत. ते देऊळ चालवणाऱ्या पंच कमिटीचे मुख्य, कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, आणि प्रार्थना अशी करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, वर कुणीतरी टाचण घेत बसलंय. ते बूच त्यांनी लक्षात ठेवलं होतं, हे आपल्याला पुढे कळलं.

तीन वर्षांपूर्वी तुझं उशिरा घरी येणं सुरू झालं. भांडुपचा कारखाना पाचला सुटायचा, साडेपाचला तू दारात असायचास. आता साडेसात व्हायला लागले. विचारलं तर म्हणायचास, "काम होतं." एकदा तुझा सदरा धुवायला घेतला तर दारूचा वास. ओकारीचा डाग. मी बादलीपाशी तशीच बसून राहिले. बायको गेल्यावर माणसं कशी बिघडतात हे मी जिथं शिकवते त्या शाळेतल्या बायकांकडून पुष्कळ ऐकलं होतं. माझा दादा त्यांच्यातला असेल असं मनात आलं, दादा. ते माझ्या मनात आलं, हे मी लपवत नाही.

पुढच्याच रविवारी थोरात साहेब प्रार्थनेला उभे राहिले. आजारी लोकांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मागितलं. मग आवाज खाली आला. "प्रभू, आमच्यातल्या एका भावासाठी आम्ही विनवतो. पत्नीवियोगाच्या दुःखात तो वाट चुकला आहे. रोज संध्याकाळी भांडुपच्या डोंगराखालच्या गुत्त्यात त्याचे पाय जातात. आणि ज्या हातांनी तो गुत्त्यातला पेला धरतो, त्याच हातांनी तुझ्या मेजाचा रस तयार करतो. त्याला सोडव, प्रभू."

नाव घेतलं नाही. नाव घ्यायला काय उरलं होतं? सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळलेल्या. आपल्या लोकांची ही एक खास तऱ्हा आहे. समोरासमोर कुणाची निंदा केली तर पाप लागतं, म्हणून ती देवाला सांगायची, मोठ्यानं, शंभर माणसांत. आणि प्रार्थना चालू असताना मधे बोलता येत नाही. ज्याच्यावर चाललंय त्यालाही शेवटी आमेन म्हणावं लागतं. तू म्हणालास. मी तुझा आवाज ऐकला.

ही बातमी थोरातांच्या घरात कुणीतरी नेली होती. त्या कुणीतरीबद्दल पुढे सांगते.

कमिटीनं तुला बोलावलं. आत काय झालं ते तू मला भाकरी खाता खाता सांगितलंस, दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तसं. त्यांनी विचारलं, गुत्त्यात जाता का? तू म्हणालास, जातो. कशाला? काम असतं. काय काम? ते माझ्यापाशी. मग आंबलेल्या रसाचीही आठवण निघाली. सहा महिने प्रभुभोजन बंद, मनुकांचं काम कायमचं बंद. सहा महिन्यांनी उभं राहून पाप कबूल करा, मग बघू. तू म्हणालास, "केलेलं असतं तर केलं असतं कबूल." आणि माझ्याकडे भाकरीचा तुकडा मागितलास.

त्या दिवशी मी तुला सोडलं नाही. "एक तर पितोस म्हण, नाहीतर पीत नाहीस म्हण. मला तरी सांग."

"पीत नाही."

"मग तिथं जाऊन काय भजन करतोस?"

"एका माणसाला आणायला जातो. तो आत जायच्या आधी सापडला तर बरं. नाही सापडला तर बाहेर दगडावर बसतो. निघाला की त्याला चालवत मुलुंडपर्यंत आणतो. चालल्यानं उतरते. नळावर तोंड धुतो, मग घरी जातो तो."

"कोण?"

तू सांगितलं नाहीस. ते मला दुसऱ्या रविवारी दुपारी कळलं. थोरातांची मुलगी लीला आली, मागं तिचा नवरा मनोहर, खाली मान घालून. लहानपणी लीला माझ्याच वर्गात शिकली, दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसायची. ती तुझ्यासमोर रडत म्हणाली, "काका, आम्ही बाबांना जाऊन सांगतो. तुमच्यावर आलंय सगळं."

मला वाटलं, आता तू हो म्हणशील. तू म्हणालास, "आणि मग? तुझे बाबा ह्याला दारात उभं करणार नाहीत. हा तिथून निघेल तो सरळ भांडुपला. मी मागच्या बाकावर बसलो तर माझं काही झिजत नाही, लीला. हा धड उभा राहू दे. ज्या दिवशी त्याला स्वतःला सांगावंसं वाटेल, त्या दिवशी तो सांगेल. तोवर त्याच्या तोंडातलं आपण काढून घ्यायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "सुशे, तूही नाही. वचन दे." मी दात आवळून वचन दिलं.

म्हणजे ज्या माणसानं भर देवळात तुझी अब्रू काढली, त्याच्याच जावयाला तू रोज गटारातून उचलून आणत होतास. आणि ते त्याला माहीत नव्हतं. आणि मला बोलायची बंदी. अडीच वर्षं, दादा. अडीच वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू शेवटच्या बाकावर बसून समोरून रसाच्या पेल्यांचं तबक जाऊ दिलंस. थोरातांच्या घरून बाटली यायची, बाजारातलं लाल सरबत पाण्यात घातलेलं. मी एकदा प्यायले. नंतर मीही तबक जाऊ दिलं.

आपली भांडणं किती झाली त्यावरून. मी म्हणायची, सिंहांच्या तोंडातून सोडवणारा तुझा देव एका हेडक्लार्कच्या तोंडातून सोडवू शकत नाही का? तू पान्याला तेल लावत म्हणायचास, "मला कुठं सोडवायचंय? मी कुठं अडकलोय? अडकलाय तो मनोहर. आणि त्याला देव सोडवतोच आहे की. फक्त देवाला पायात चपला घालून भांडुपला जाता येत नाही, म्हणून मी जातो." मी म्हणायची, मग थोरात रोज मोठमोठ्यानं प्रार्थना करतात ती काय? तू म्हणायचास, "तीपण लागते गं. पण प्रार्थना करून झाली की गुडघ्यावरून उठायचं असतं." एवढं बोलून तू उठायचास आणि भांडुपला जायचास, आणि माझं वाक्य तोंडातच राहायचं. तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं, आणि भिंत वर विचारायची, लागलं का.

मनोहर दोनदा घसरला. वर्षभर नीट राहून पुन्हा गेला, तू पुन्हा गेलास. या पावसाळ्यानंतर मात्र तो गेला नाही. तरी तू अधूनमधून उशिरा यायचास. मी विचारलं, आता कशाला? तू म्हणालास, "सवय लागली."

मग तुला ताप आला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालास, "सुशे, मेजावरचं घ्यावंसं वाटतंय." एवढंच म्हणालास. मी पळत पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस, पण कमिटीला भिणारा. म्हणाले, "सुशीलाबाई, माझ्या एकट्याच्या हातात नाही. गुरुवारी बैठक आहे, मी स्वतः विषय काढतो."

तू बुधवारी गेलास.

कबरस्तानातून परत येताना मी ठरवलं. वचन तुला दिलं होतं, तू गेलास, वचन संपलं. थोरातांना मी सोडणार नाही. आणि कसं ते मला त्यांनीच शिकवलं होतं. स्मरणाच्या उपासनेत शेवटी खुली प्रार्थना असते, ज्याला वाटेल त्यानं उठावं. प्रार्थनेत मधे कुणाला बोलता येत नाही. मी उभी राहणार होते आणि देवाला सांगणार होते, प्रभू, थोरात साहेबांच्या घरातल्या एका पुरुषासाठी विनवते, ज्याचं नाव मनोहर. त्याला माझ्या भावानं कितीदा नळाखाली धरलं ते सांगते. सहा दिवस मी शाळेत पाढे म्हणून घेताना मनात तेच घोकत होते. शेवटी थोरातांना आमेन म्हणावं लागेल, तो आवाज मला ऐकायचा होता. देवाचं नाव त्यात फक्त वेष्टनासारखं होतं.

आता त्या कुणीतरीबद्दल. दादा, ती मी होते.

सदऱ्याला वास आला त्या आठवड्यात महिला मंडळाची सभा थोरातांच्या घरी होती. प्रार्थनेसाठी विषय विचारले तेव्हा मी म्हणाले, माझ्या दादासाठी मागा, तो उशिरा येतो, कपड्यांना वास येतो, मला भीती वाटते. तुला विचारायच्या आधी मी ते दहा बायकांना विचारलं. गुत्ता आणि डोंगर दुसऱ्या कुणी जोडले असतील, वास मी दिला. थोरातबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमचे साहेब रविवारी मागतील." मी त्यांचे आभार मानले होते.

नंतर एका शनिवारी तू सहज विचारलंस, "ही गोष्ट पहिल्यांदा कुणी काढली असेल गं?" मी तांदूळ निवडत होते. म्हणाले, "कोण जाणे, लोकांना काय धंदे असतात." तू पुन्हा विचारलं नाहीस. अडीच वर्षं मी थोरातांवर जी आग पाखडली, तिच्यात माझं मलाच न दिसावं म्हणून केलेला धूर किती होता, ते तुला कळत होतं का? कळत असेल तर तू माझ्यासाठीही गप्प बसलास. ते मला सहन होत नाही.

तर परवाच्या रविवारी खुली प्रार्थना सुरू झाली. आधी थोरात साहेब उठले. तुझ्यासाठी फार सुंदर बोलले. "दुर्बळ असला तरी आमचा भाऊ होता, प्रभू." दुर्बळ. मी बाकाची कड धरून उठले. डोळे उघडे. सगळ्यांचे मिटलेले चेहरे आजूबाजूला, भांडी मांडून ठेवावीत तसे. फक्त एकाचे डोळे उघडे होते. मनोहर माझ्याकडे बघत होता. मी का उठले हे त्यानं ओळखलं होतं. लीलानं त्याचा हात धरला होता, त्यानं तो सोडवून घेतला, सरळ बसला आणि मला मान हलवून हो म्हटलं. म्हणजे, सांगा.

तो घाबरला असता तर मी त्याला तिथंच ठेचलं असतं, देवाशपथ. पण तो घाबरला नव्हता. तुझ्या त्या अडीच वर्षांच्या चालण्यातून एवढं एक तयार झालं होतं, भर मंडळीत न घाबरता बसलेला माणूस, आणि मी ते तुझ्याच नावानं फोडायला निघाले होते. माझ्या तोंडात मनोहरचं नाव आलं होतं. ते मी गिळलं.

मी म्हणाले, "प्रभू, अडीच वर्षांपूर्वी माझ्या भावाबद्दल या मंडळीत जी प्रार्थना झाली ती मी मागितली होती. त्याला एका शब्दानं न विचारता मागितली. ती खोटी होती. माझ्या भावानं आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही. तो गुत्त्यावर माणसं आणायला जात होता. चालवत घरी आणायचा, त्यांची तोंडं धुवायचा. कुणाला आणलं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी सांगणार नाही. मरताना त्याला तुझं मेज हवं होतं. ते ज्यांनी दिलं नाही त्यांना क्षमा कर असं मला म्हणता येत नाही. तुला म्हणता येत असेल तर तू म्हण."

आमेन म्हणायला मी श्वास घेतला, आणि माझ्या आधी मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन." पुरुषाचा जाड आवाज. मनोहर पुढे बसला होता, त्याचा नव्हता. मग खिडकीकडून दुसरा. मग दाराजवळून एक म्हातारा, रडत. चौथा मनोहरचा, सगळ्यांत मोठ्यानं. मी वळून बघितलं नाही. दादा, किती जणांना आणलंस रे? मला एकच माहीत होता.

थोरात साहेबांचा आमेन मात्र आला नाही. मी वाट बघितली. ते डोळे मिटून उभेच होते.

उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "सुशीलाबाई, मला तेव्हा जे कळवलं गेलं त्यावरून..."

मी म्हणाले, "मीच कळवलं होतं, साहेब. ते बोलून झालंय. पुढच्या रविवारचा रस मी करणार."

"त्याचा कमिटीत विचार करावा लागेल."

"करा ना. मी बाटली घेऊन येते, तोवर होईल तुमचा विचार."

त्यांच्या मागं मनोहर उभा होता. तो सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, येऊ दे त्यांची बाटली. घरी चला, मला तुमच्याशी बोलायचंय." लीलानं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. घरी काय बोलणं झालं, झालं की नाही, मी विचारलेलं नाही. तुझी शिकवण म्हणून नाही. माझा माझ्यावर भरवसा नाही म्हणून.

आज शनिवार. स्टोव्हवर मनुका उकळताहेत, वहिनीच्या पातळाचं फडकं धुऊन वाळत घातलंय. साखर घातलेली नाही. तुझी पाठ वळलेली असती तर घातली असती.

माझा राग गेलेला नाही, दादा. तो जावा अशी प्रार्थनाही मी केलेली नाही. उद्या थोरात साहेब पुढच्या बाकावर डोळे मिटून बसतील, तबक त्यांच्यापुढे येईल आणि तुझ्या पातेल्यातला, माझ्या हातचा रस त्यांना प्यावा लागेल. उद्या, आणि मी जिवंत आहे तोवर दर महिन्याला. दुसऱ्या कुठल्याही सुडावर तू मला टपली मारली असतीस. हा तू चव घेऊन बघितला असतास आणि म्हणाला असतास, "सुशे, गोड झालाय."

उद्या मी शेवटच्या बाकावर बसणार आहे, तुझ्या जागेवर. तबक आलं की या वेळी मी ते जाऊ देणार नाही.